बोलायला स्पष्ट, मेसेजला सोपा: खान्देशात फोन घेताना काय तपासायचं

फोनच्या जाहिरातीत मेगापिक्सल असतात, गेम असतात, चेहरा उजळवणारे फिल्टर असतात. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येईल का, हे कुठेच छापलेलं नसतं. आपल्याकडची कामं मात्र बोलण्यावर आणि चार ओळींच्या मेसेजवरच चालतात. बऱ्हाणपूरला आज केळीचा भाव काय निघाला, कटाईची माणसं सकाळी किती वाजता येणार, या आठवड्यात थ्री-फेज लाईट दिवसा आहे की रात्री, पंपाच्या मोबाइल स्टार्टरला द्यायचा मिस कॉल, बँकेचा ओटीपी. यातल्या एकाही कामाला चांगला कॅमेरा लागत नाही.

चोपडा-यावल पट्ट्यातल्या आमच्या भाऊबंदकीत कुणाला फोन घ्यायचा असला की मला सोबत नेतात. त्यामुळे दुकानदार काय बोलतात आणि घरी आल्यावर काय निघतं, दोन्ही पाहून झालंय. पहिल्यांदाच फोन घेणाऱ्यांसाठी, किंवा गावाकडच्या आई-वडिलांसाठी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे. फोनची निवड दुकानात सुरू करू नका, जिथे उभं राहून बोलायचं आहे तिथून सुरू करा. दुकान भरचौकात असतं, डोक्यावर टॉवर असतो, तिथे कुठलाही फोन चांगलाच वाजतो.

## १. आधी टॉवर, मग सिम, मग फोन

घरात, शेतात, गोठ्यात, जिथे जिथे तुम्ही रोज असता तिथे कोणत्या कंपनीची रेंज आहे ते पहा. शेजाऱ्याच्या, सालदाराच्या, दूधवाल्याच्या फोनवर बघितलं तरी चालतं. कांड्या मोजण्यावर जाऊ नका, त्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ उघडलं की बहुतेक फोनमध्ये सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दिसतो, पुढे डीबीएम लिहिलेलं असतं. ४जीवर साधारण -९० किंवा त्याहून चांगला, म्हणजे -८०, -७० असेल तर उत्तम. -१०५ च्या आसपास काम निभतं. -११५ च्या खाली गेलं की आवाज तुटणार, मग फोन लाखाचा असला तरी.

घराचाही यात हात असतो. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर दोन्ही सिग्नल अडवतात, पत्रा तर फारच. अशा घरात लांब पल्ल्याच्या लहरींचा उपयोग होतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० मेगाहर्ट्झची लहर डेटा भरपूर वाहते, पण तिचा पल्ला कमी. फोनच्या माहितीत हे ‘बँड’ म्हणून लिहिलेलं असतं: बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड २८ म्हणजे ७००. जिओ ४जीसाठी बँड ५ वापरते, बीएसएनएलच्या ४जीला बँड २८ लागतो. बँड ३, ५, ८ आणि ४० भारतात अधिकृत विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये असतात. बँड २८ मात्र विचारून घ्या, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ अशा डोंगरातल्या गावांसाठी बीएसएनएलच्या भरवशावर फोन घेत असाल तर. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या काही टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल एकमेकांची सिम चालवू देतात. सातपुड्यात असा टॉवर जवळ असेल तर तिथे आपलं सिम चालतं का, हे प्रत्यक्ष जाऊनच बघावं लागतं.

सीमेवरच्या गावांची आणखी एक कटकट. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, मग फोनने गुजरातचा टॉवर धरला तर त्याची काय चूक? रावेर, चोपड्याच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशचा टॉवर लागतो. नेहमीच्या अमर्याद पॅकमध्ये देशातल्या रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, पण एका राज्याच्या टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना चालू कॉल तुटू शकतो. शिवाय सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर पलीकडच्या टॉवरवर व्हॉट्सअॅप मुकं होतं. ते चालू ठेवा.

सिम ठरलं की फोनवर एक अट आपोआप येते. जिओला २जी, ३जी नाहीच, त्यामुळे नुसत्या २जीचा स्वस्त कीपॅड फोन जिओच्या सिमवर अजिबात चालत नाही. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून आहे, तिथे असा फोन चालतो, पण आवाज जुन्या धाटणीचाच येतो. उलट जिओभारत हा फोन फक्त जिओच्या सिमवर चालतो. उद्या कंपनी बदलायची झाली तर फोन बदलावा लागेल, हे घेतानाच ध्यानात धरा.

## २. हात कुणाचे आहेत ते बघा

टचस्क्रीन की बटणांचा फोन, याचा निर्णय वयावरून करू नका. कामावरून करा. केळीच्या बागेत पिलं काढणाऱ्याच्या किंवा घड उतरवणाऱ्याच्या बोटांना चीक लागलेला असतो, तो वाळला की बोटं काळी आणि चिवट होतात. अशा बोटाने स्क्रीनवर ‘न’ दाबावा तर ‘म’ उमटतो, नाही तर काहीच उमटत नाही. राबून घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटांचंही तेच. काही फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ किंवा ‘ग्लोव्ह मोड’ असतो, त्याने थोडा फरक पडतो. बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप तर अशा हातांना हमखास दगा देतं. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून ज्यांना ताटकळावं लागतं, त्यांच्यासाठी ठशाचा फोन घेऊन त्याचं कौतुक ऐकवू नका, चार आकड्यांचा पिन ठेवा.

माझं मत विचाराल तर शेतात ४जी कीपॅड फोन आणि घरात एक साधा स्मार्टफोन, अशी जोडी सगळ्यात सुखाची. कीपॅड फोन पडला तरी चालतो, बॅटरी दिवसेंदिवस पुरते, उन्हात अक्षरं दिसतात. पण मेसेज हे मुख्य काम असेल आणि व्हॉट्सअॅप हवंच असेल, तर कीपॅडचा मोह सोडा. कायओएस या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या जिओफोनसारख्या फोनवरचं व्हॉट्सअॅप २०२५ मध्ये बंद झालं. तरी ‘व्हॉट्सअॅपवाला बटणाचा फोन’ म्हणून तो जुन्या बाजारात अजून खपवला जातो.

पूर्ण अक्षरपट्टीची बारीक बटणं असलेला जुना ब्लॅकबेरी मेसेजसाठी भारी, असंही कुणी तरी सांगतंच. होता भारी. पण ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणाऱ्या त्या फोनची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला थांबवली. फुकट दिला तरी घेऊ नका.

## ३. मराठी टायपिंगची परीक्षा दुकानातच घ्या

इथे बहुतेक जण फसतात, कारण दुकानात कुणी मराठी टाइप करून बघतच नाही. भारतात विकायच्या फोनला २२ भाषांतला मजकूर दाखवता येणं बंधनकारक आहे. टाइप करण्याचं बंधन मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेपुरतंच आहे. ती तिसरी भाषा मराठीच असेल असं नाही. म्हणजे ‘मराठी सपोर्ट आहे’ हे दुकानदाराचं बोलणं खरं असतं, पण त्याचा अर्थ नुसता वाचण्यापुरताही असू शकतो.

परीक्षा सोपी आहे. फोन हातात घ्या आणि ही ओळ टाइप करा: ‘अमळनेरहून माल निघाला, भुसावळला ७ ला पोहोचेल’. आपला सगळा मुलूख ‘ळ’चा. जळगाव, धुळे, पारोळा, चाळीसगाव, तळोदा. हिंदीच्या अक्षरपट्टीत ‘ळ’ कोपऱ्यात लपवलेला असतो, कधी ‘ल’चं बटण चारपाच वेळा दाबल्यावर येतो. तो पटकन सापडला नाही, तर तुमचा बाप महिनाभर ‘जलगाव’ लिहील आणि मग लिहिणंच सोडून देईल. त्यानंतर ‘दुसऱ्या’ आणि ‘ऑगस्ट’ लिहून बघा. ‘ऱ्य’ जुळला आणि ‘ऑ’ मिळाला की कीबोर्ड पास. आलेला मेसेज वाचतानाही बघा. काही स्वस्त फोनवर जोडाक्षरं फुटतात, ‘जिल्हा’मधला ‘ल्’ पाय मोडून वेगळा पडतो.

स्मार्टफोनमध्ये कीबोर्ड बदलता येतो, म्हणून तिथे फारसं अडत नाही. गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठीचे तीन मार्ग आहेत: देवनागरी अक्षरपट्टी, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी करून देणारी पट्टी, आणि बोटाने पाटीवर लिहिल्यासारखं लिहायची सोय. ज्यांना इंग्रजी येत नाही पण शाळेत अक्षर वळणदार होतं, अशा माणसांना हा तिसरा मार्ग फार आवडतो. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘स्वरचक्र’ही बघा. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती गोलात बाराखडी उघडते. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते, ती वाढवा. जाड बोटांना त्याने फार आराम पडतो.

बोलून टाइप करण्याचीही सोय आहे आणि आई-वडिलांच्या पिढीला ती पसंत पडते. तिला पुस्तकी मराठी बरी कळते. अहिराणीत बोललात तर ती भलतंच लिहून ठेवते. ‘आवाज येस का?’ म्हणालात तर त्यातून काय निघेल सांगता येत नाही. पाठवण्याआधी वाचायची सवय लावा, विशेषतः भाव आणि वजनाचे आकडे. अहिराणीत बोलायचंच असेल तर व्हॉट्सअॅपवर आवाजाचा मेसेज पाठवा, टायपिंगच्या भानगडीत पडू नका.

आता साध्या मेसेजचा, म्हणजे एसएमएसचा हिशेब. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त, मधली मोकळी जागा सगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ हा शब्द आपल्याला एक अक्षर वाटतो, फोन त्याचे ६ मोजतो. वरची अमळनेरची ओळ ४३ भरते. ७० च्या वर गेलात की मेसेजचे तुकडे पडतात, दर तुकड्यात ६७ अक्षरं, आणि प्रत्येक तुकडा वेगळा मेसेज म्हणून धरला जातो. पॅकमध्ये बहुधा दिवसाला १०० मेसेज असतात, म्हणून घरच्यापुरतं चालून जातं. पण सोसायटीच्या किंवा दूध डेअरीच्या सभासदांना एकेक करून मेसेज पाठवणाऱ्याने हा हिशेब ठेवावा. सगळा मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहून शेवटी एकच ‘जय श्रीराम’ किंवा ‘राम राम’ देवनागरीत टाकलं, तरी अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते.

कीपॅड फोनमध्ये मेसेजची पेटी लहान असते. ती भरली की नवा मेसेज आत येत नाही, आणि माणूस बँकेत जाऊन ‘ओटीपीच येत नाही’ म्हणून भांडतो. महिन्यातून एकदा जाहिरातींचे मेसेज पुसून टाका.

## ४. आवाजाची परीक्षा रस्त्यावर उभं राहून

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये घ्या, धुळ्याला आग्रा रोडवर घ्या नाहीतर तालुक्याच्या गावात, दुकानाच्या काचेआड बोलून बघू नका. फोन घेऊन बाहेर या. दुकानदार सोबत माणूस देईल, देऊ द्या. रिक्षा, ट्रॅक्टर, लग्नाचा बँड, जे काही चालू असेल त्यात उभं राहून घरच्या माणसाला कॉल लावा. तुमचं सिम त्यात घातलेलं असावं, त्याचं नाही. त्यासाठी सोबत हे न्या:

- चालू असलेलं तुमचं सिम आणि सिम काढायची पिन
- छोट्या सिमला मोठ्या खाचेत बसवायचं जॅकेट (काही कीपॅड फोनना मोठं सिमच लागतं)
- घरी एक माणूस, जो खरं सांगेल
- वर दिलेली मराठी ओळ, कागदावर लिहून
- आधार कार्ड. हप्त्यावर घ्यायचा असेल तर पॅन आणि बँकेचं पासबुकही

कॉलमध्ये तीन गोष्टी तपासा. पहिली, तुम्हाला ऐकू येतं का. पूर्ण आवाज वाढवा, मग कानाला लावा. आवाज फाटत असेल तर तो फोन ठेवून द्या, कारण सात्री गावच्या आत्याशी बोलताना तो सदैव पूर्ण आवाजावरच राहणार. दुसरी, समोरच्याला तुमचं ऐकू येतं का, आणि भोवतीचा गोंगाट किती जातो. चांगल्या फोनला दोन माइक असतात: एक खाली तोंडापाशी, दुसरा वरच्या कडेला किंवा मागे, टाचणीच्या डोक्याएवढं भोक. वरचा माइक गोंगाट ऐकतो आणि फोन तो वजा करतो. वरचं भोक बोटाने झाकून बोला, मग उघडं ठेवून बोला, आणि पलीकडच्याला फरक विचारा. तिसरी, स्पीकर लावून फोन बांधावर ठेवल्यासारखा दोन हात लांब धरा. हात कामात असताना आपण असंच बोलतो. स्पीकरवर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर ते पुढे कधीच सुधारत नाही.

कॉल चालू असताना पडद्यावर ‘एचडी’ किंवा ‘व्हीओएलटीई’ अशी खूण दिसते का पहा, म्हणजे कॉल ४जीवरून चाललाय. दुकानात त्याला ‘व्होल्टी’ म्हणतात. ही खूण नुसती शोभेची नाही. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. एचडीमध्ये तो ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘प’ यांतला फरक वरच्या पट्टीत असतो. म्हणून जुन्या कॉलवर ‘साठ’ म्हटलं की समोरचा ‘आठ?’ विचारतो, आणि भावाच्या बोलणीत हा फरक महागात पडतो. एचडी मिळायला दोन्हीकडचे फोन, दोन्ही सिम आणि दोन्हीकडचा टॉवर तयार असावा लागतो. परदेशातून कुणी आणलेला फोन इथे घेत असाल तर आधी हेच बघा. दुबईहून आलेला महाग फोन आपल्या सिमवर व्होल्टी देईलच असं नाही, आणि व्होल्टी नसेल तर जिओवर नेहमीचा कॉलही लागत नाही.

५जीच्या मागे बोलण्यासाठी लागू नका. चांगल्या ४जीवरचा कॉल पुरेसा स्पष्ट असतो. रेंज कमी असलेल्या गावात ५जी शोधत राहून फोन बॅटरी खातो, तिथे सेटिंगमध्ये ४जीच ठेवलेलं बरं.

घरात वायफाय असेल आणि भिंतींमुळे रेंज मरत असेल, तर वायफाय कॉलिंग असलेला फोन घ्या. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. वेगळं अॅप लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत, कॉल नेहमीच्या नंबरवरूनच जातो. धाब्याच्या घरात आतल्या खोलीत झोपून बोलायची सोय याच्यासारखी दुसरी नाही.

दोन सिमचा फोन घेणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवतो: एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम बहुतेक फोनमध्ये लागत नाही. व्यापाऱ्याचा नंबर एका सिमवर आणि घरचा दुसऱ्यावर ठेवला, तर ‘तुमचा फोन कधी लागतच नाही’ ही तक्रार येणारच.

आणखी एक खोड कॉल लागल्यावरच कळते. फोन कानाला लावला की पडदा काळा व्हायला हवा. काही स्वस्त फोनमध्ये त्यासाठी वेगळा सेन्सर नसतो, फोन अंदाजाने काम भागवतो. पडदा उघडा राहिला की गालाने म्यूट दाबला जातो, कॉल होल्डवर जातो, आणि आपण ‘हॅलो हॅलो’ करत राहतो. दुकानातच कॉल लावून फोन चारपाच वेळा कानाजवळ न्या आणि लांब करा. हीच तपासणी स्क्रीनगार्ड लावल्यावर पुन्हा करा. जाड काच सेन्सर झाकते, आणि कधी कानाकडच्या स्पीकरची जाळीही अर्धी झाकते. धातूच्या पट्टीचं किंवा लोहचुंबकाचं कव्हर घेऊ नका, ते सिग्नलच्या वाटेत येतं.

## ५. ऊन, धूळ, बॅटरी

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. आयफोनच्या माहितीत वापरासाठी ० ते ३५ अंशांची हवा सांगितलेली आहे, बाकीच्यांचंही फार वेगळं नसतं. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. त्यामुळे मोटारसायकलच्या हँडलवर भर उन्हात लावलेला फोन ‘चार्जच होत नाही’ म्हणून दुकानात परत नेऊ नका, आधी सावलीत ठेवा. कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा थ्रेशरवर काम असेल तर निदान आयपी५४ असलेला फोन घ्या. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीने माइकचं भोक बुजतं आणि आवाज हळूहळू बारीक होत जातो. ते मऊ ब्रशने साफ करा, सुई घालू नका.

## ६. बिल आणि हप्ता

आखाजी, पोळा, दिवाळीला ऑफर लागतात. दुकानदार म्हणेल, ‘नाना, ५० मेगापिक्सलचा आहे, डोळे झाकून घ्या.’ डोळे उघडेच ठेवा. ‘शून्य टक्के व्याज’ असलं तरी प्रोसेसिंग फी आणि विमा त्यात बसवलेला असू शकतो. रोख किंमत एका कागदावर लिहून घ्या, त्याखाली सगळ्या हप्त्यांची आणि फीची बेरीज लिहायला सांगा. दोन आकडे एकाखाली एक आले की बोलणं लवकर संपतं.

बिल जीएसटीचंच घ्या, मोबाइलवर १८ टक्के लागतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. बिलावर तुमचं नाव, तारीख आणि फोनचा आयएमईआय हवा. फोनवर *#०६# दाबलं की तो १५ आकडी नंबर दिसतो. डब्यावरचा, बिलावरचा आणि फोनमधला जुळला की पुढे चला. *#०७# दाबलं तर फोनच्या लहरी अंगात किती शिरतात त्याचा, म्हणजे एसएआरचा आकडा बऱ्याच फोनमध्ये दिसतो. भारतात त्याची मर्यादा १.६ वॉट प्रति किलो आहे. फोनची वॉरंटी बहुधा वर्षाची, चार्जरची सहा महिन्यांची असते. ती कंपनीच्या सेवा केंद्रात मिळते, आणि ते केंद्र तुमच्या गावापासून किती लांब आहे हे घेण्याआधी विचारा. धडगावच्या माणसाने सेवा केंद्रासाठी नंदुरबार गाठायचं म्हणजे दिवस जातो.

## ७. जुना फोन घेत असाल तर

बिल आणि डबा नसेल तर घेऊ नका. आयएमईआय तपासायला केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. ब्लॉक केलेला किंवा नकली नंबर असेल तर उत्तरात कळतं. सरकारच्या ‘संचार साथी’ अॅपवरही हे होतं. चोरीचा फोन निघाला तर तो देशभर बंद होतो आणि तुमचे पैसे बुडतात. पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतात ते वेगळंच. आवाजाची परीक्षा जुन्या फोनवर दुप्पट कडक घ्या, कारण पाणी गेलेल्या फोनचा माइक आधी जातो. रेकॉर्डर लावून एक मिनिट बोला आणि ऐका.

## ८. घरी आणल्यावर त्याच दिवशी

नावं सिमवर साठवू नका. सिमवर जागा थोडी असते, आणि देवनागरीत लिहिलेलं नाव तिथे अर्ध्यातच तुटतं. ‘सुरेशभाऊ केळीवाले’ आणि ‘सुरेशभाऊ दूधवाले’ दोघांचं ‘सुरेशभ’ होतं, मग भाव विचारायला दूधवाल्याला फोन जातो. कीपॅड फोन असेल तर नावं फोनमध्ये, स्मार्टफोन असेल तर गूगल खात्यात ठेवा. कीपॅडवर २ ते ९ आकड्यांना घरचे नंबर बांधून द्या, २ दाबून धरला की मुलाला, ३ ला डॉक्टरला. तातडीच्या मदतीचा ११२ आई-वडिलांना तोंडपाठ करून घ्या.

स्मार्टफोनमध्ये गूगलच्या मेसेज अॅपमधली ‘आरसीएस चॅट’ची, म्हणजे साधा मेसेज इंटरनेटवरून पाठवण्याची सोय तपासा. ती चालू ठेवून नंतर सिम कीपॅड फोनमध्ये घातलं तर काही मेसेज जुन्याच फोनकडे जात राहतात. सिम हलवण्याआधी ती बंद करा.

मग फोन घेऊन शेतात जा, गोठ्यात जा, घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत जा, आणि प्रत्येक ठिकाणाहून एकेक कॉल लावा. एकतर्फी आवाज, तुटणारा कॉल, स्पीकरची खरखर, जे काही निघेल ते लगेच दुकानदाराला बिल दाखवून लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर तारखेसह पाठवलं तरी चालतं. बदलून द्यायची मुदत थोडी असते आणि ती दुकानागणिक वेगळी, म्हणून ती बिलाच्या मागे लिहून घेतलेली असू द्या. दुकानदार आणि सेवा केंद्र एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं, बिल हाताशी ठेवा.